सोनचाफ्याचे डाग

माझ्या कवितांच्या पहिल्या वहीत आठ पानांवर तपकिरी डाग आहेत. ते सोनचाफ्याचे आहेत.

लग्नानंतर आम्ही नाशिक रोडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. दारात घरमालकांचा सोनचाफा होता. पत्नी मनमाडची, रेल्वेतल्या फिटरची मुलगी. कवितेविषयी ती कधी काही बोलत नसे. मी वही टेबलावर ठेवून कामावर जाई, आणि परतल्यावर कधीतरी एखाद्या पानात फूल सापडे. मला तो तिचा पोरकट छंद वाटे.

एकदा मित्रांसमोर वही उघडली. एकजण म्हणाला, "काय रे, जेवता जेवता लिहितोस वाटतं? आमटी सांडलीये!" सगळे हसले. ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. मंडळी गेल्यावर मी शांतपणे म्हणालो, "ही वही आहे, देव्हारा नव्हे. पुन्हा यात फूल ठेवू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

आपण आवाज चढवला नाही, याचं मला कित्येक वर्षं समाधान होतं.

गेल्या महिन्यात संग्रहासाठी कविता निवडायला बसलो, तेव्हा ती आठ पानं प्रथमच सलग वाचली. एका कवितेत मनमाडच्या फलाटावर तिची वाट पाहणारा मी होतो, एकीत तिच्या भेगाळलेल्या टाचा. आठही कविता तिच्याविषयीच्या. मोगऱ्यावरच्या, पारिजातकावरच्या ज्या कवितांनी मला टाळ्या मिळवून दिल्या, त्यांची पानं स्वच्छ, बिनडागाची होती. म्हणजे ती वाचत होती, आणि तिला जे सांगायचं ते फुलाने सांगत होती. नंतरच्या अकरा वह्यांत एकही डाग नाही. त्या वह्यांत तीही फारशी कुठे नाही.

परवा सकाळी इंदिरानगरच्या फुलवाल्याकडून सोनचाफ्याचं एक फूल आणलं. तिच्यावर नव्याने लिहिलेल्या कवितेच्या पानात ते ठेवलं, वही तिच्या कपाशेजारी ठेवली आणि समोर बसलो. क्षमा मागण्याचा दुसरा मार्ग मला सुचला नव्हता. तिने एकदा तरी वाचावं, एवढंच हवं होतं.

तिने वही उघडली. फूल अलगद उचललं आणि पान पदराने टिपलं.

"अहो, डाग पडेल ना," ती म्हणाली. वही मिटून तिने माझ्याकडे सरकवली आणि फूल देव्हाऱ्यात ठेवायला आत गेली.