खानावळवालीचं पुढे काय झालं

नवरा म्हणाला, “जाऊन ये. जरा बदल होईल.” बदल म्हणे! मी काय हवापालटाला निघाले होते? पण नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो आणि तो तेव्हा नव्हता. म्हणून गेले.

पुस्तकवेड्या मराठी मंडळींचं शनिवार-रविवारचं संमेलन होतं, देवनहळ्ळीच्या पलीकडे एका शेतघरात. शेत मूळचं द्राक्षांचं. आता तिन्ही बाजूंनी प्लॉट पडलेत आणि डोक्यावरून विमानं जातात. आम्ही व्हाइटफील्डची मंडळी एका मिनीबसमधून गेलो. आयोजकांनी ग्रुपवर फर्मान काढलं होतं, की प्रत्येकाने हल्ली काय वाचलं ते सांगायचं आणि येताना अर्धवट राहिलेलं एक पुस्तक आणायचं. दुपारभर ते घेऊन बसायचं आणि आपण कुठे अडलो ते शोधायचं. बसमध्ये सगळ्यांच्या मांडीवर जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती, आयुष्य सुधारण्याची. ती अर्धवटच राहणार, दुसरं काय!

मी पुस्तक अर्धवट टाकणाऱ्यांतली नाही. माझ्याकडे तसं एकच होतं. आईची एक जुनी कादंबरी, शिवण उसवलेली, पानं पिवळी पडलेली. तिचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, कारण ते वाचायच्या आधी आई गेली.

दोन वर्षांपूर्वी माझी पुण्याहून इकडे व्हाइटफील्डला बदली झाली. संध्याकाळी ऑफिसच्या कॅबमध्ये बसलं की घरापर्यंत तास-दीड तास सहज जायचा. सुरुवातीला मी तो सगळा वेळ आईला फोन लावून नुसती रडायचे. भाषा येत नाही, भाजीवाला हसतो, शेजारी दार उघडत नाहीत, डाळ शिजत नाही. कुठलंही कारण चालायचं. एका संध्याकाळी मला मध्येच तोडून आई म्हणाली, “ते राहू दे आता. माझे डोळे हल्ली बारीक अक्षर धरत नाहीत बघ. एक कादंबरी राहिलीय माझी वाचायची. पाठवते, तू वाचून दाखव.”

तिच्या डोळ्यांचं ऐकून मी हबकले. दुसऱ्याच्या दुखण्यापुढे आपलं रडगाणं कसं लावणार? पुस्तक आलं आणि मी वाचायला लागले. शेजारी कानात इअरफोनची बोंडं घालून झोपलेली पोरं, पुढे ड्रायव्हर, आणि मी मोबाइल कानाशी धरून मराठी कादंबरी वाचतेय. ड्रायव्हरला वाटत असणार, बाई रोज पूजा सांगते.

कादंबरी होती एका खानावळवालीची. नवरा बायकोला सोडून निघून जातो आणि ती स्टेशनाजवळच्या राहत्या घरातच खानावळ घालते, पोरं वाढवते. आई मला पान उलटू द्यायची नाही. “थांब, ते परत वाच.” “ह्याला धरून बदडायला हवा होता.” मग स्वतःच्या लग्नातलं काहीतरी, मग मामाचं, मग तुझा आजचा डबा काय होता. कधीकधी अख्ख्या प्रवासात दीड पान व्हायचं. एकदा पैज लागली. मी म्हणाले, नवरा परत येईल आणि ती त्याला घरात घेईल. आई म्हणाली, “येईल, पण ती घेणार नाही. लाव पैज.” हरेल तिने दिवाळीच्या चकल्या तळायच्या.

मध्ये एक झालं. एका संध्याकाळी आई सहज बोलून गेली, “ते शेवग्याचं झाड तोडलं तेच बरं केलं तिने.” मी म्हटलं, “कुठलं झाड? आई, झाडबिड काही तोडलेलं नाही. दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं सांगतेयस.” आई म्हणाली, “हो का? असेल बाई. वाच पुढे.” झाड होतं खानावळीच्या मागच्या अंगणात, तिच्या नवऱ्यानेच लावलेलं, पण ते आपलं जागच्या जागी उभं होतं. त्याच आठवड्यात मी भावाला फोन केला, आईला हल्ली विसरायला होतंय, एकदा डॉक्टरांना दाखव. त्याने दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. मी म्हटलं, डॉक्टरांना काय कळतंय!

आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आई झोपेतच गेली.

मी रडले नाही. सकाळच्या विमानाने गेले, सगळं केलं. बायका पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, “रड ग, मोकळी हो.” मी त्यांच्यासाठी चहा टाकला. परत आल्यावर ऑफिसात कुणी विचारलं, “कशी आहेस?” तर मी “मस्त” म्हणाले आणि मलाच त्यात काही वावगं वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, गाल आपला असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. मला भीती एकाच गोष्टीची वाटायची. हे असंच राहिलं तर? ज्या बाईने मला जन्म दिला तिच्यासाठी माझ्या डोळ्यांतून टिपूस येत नसेल तर मी कोण आहे?

कॅबमध्ये हात रिकामे राहायला नकोत म्हणून पुस्तकं वाचत सुटले. एका गिर्यारोहकाचं आत्मचरित्र, एक खुनाची भानगड, नदीकाठच्या गावावरची एक जाडी कादंबरी. नदीकाठच्या कादंबरीत एक लहान मूल बुडतं. त्या पानावर मला आठवलं की दूध आणायचं आहे.

तर त्या शनिवारी सकाळी गोल करून बसलो आणि एकेकाने चऱ्हाट लावलं. कुणी “अंतर्मुख झालो” म्हणे, कुणी नाकाने कांदे सोलत होतं. विमान गेलं की बोलणारा थांबायचा आणि पुढचं वाक्य विसरायचा. मला विमानांबद्दल प्रेम वाटू लागलं. माझी पाळी आली तेव्हा मी नदीकाठच्या कादंबरीवर अस्खलित बोलले. बुडालेल्या मुलावर तर असं बोलले की समोरच्या एका बाईने डोळे पुसले. मी तिच्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, हिला जमतं बाई.

दुपारी जो तो आपलं पुस्तक घेऊन कोपरा धरून बसला. मी मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे एक म्हाताऱ्या बाई खुर्चीत बसल्या होत्या, हातात पुस्तक नाही. शेताच्या मालकाच्या आत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत होते. त्यांचं घराणं महाराष्ट्रातून इकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या, की कोणत्या गावाहून आले तेही कुणाला सांगता येत नाही.

“अक्का, तुमचं अर्धवट पुस्तक कुठाय?” मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“माझं सगळंच अर्धवट ग,” त्या हसल्या. “घरात मराठी बोलतो आम्ही, पण शाळा कन्नड. हे तुमचं अक्षर मला येत नाही. मराठी पुस्तक म्हणजे कुणी वाचून दाखवलं तर ऐकायचं. तुझ्या हातात काय आहे? स्वल्प वाचून दाखव की.”

मी आईच्या फोननंतर कुणाला काही वाचून दाखवलं नव्हतं. नाही म्हणणार होते. पण सांगितलं ना, नाही म्हणायला जोर लागतो. खानावळवालीची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि शेवटचं प्रकरण उघडलं.

अक्का मध्ये बोलत नव्हत्या. मला ते जड जात होतं. जिथे आई “थांब” म्हणाली असती तिथे मी थांबायचे, अक्का नुसत्या बघायच्या, मग मी पुढे जायचे. नवरा परत येतो, म्हातारा होऊन. पंगतीत बसतो. ती त्याला ओळख दाखवत नाही. सगळ्यांना वाढते तसं वाढते, वर आमटी हवी का विचारते. तो हात धुऊन निघून जातो. मी पैज हरले होते. ते कळलं आणि तरी काही वाटलं नाही. पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गडी बोलावते आणि मागच्या अंगणातलं शेवग्याचं झाड तोडून टाकायला सांगते.

मी तिथे थांबले. ओळ परत वाचली, मोठ्याने. मग मनात वाचली.

“नुग्गेकाईचं झाड ना?” अक्का म्हणाल्या. “तोडलं? सरी केलं, बरं केलं.”

आईला हे माहीत होतं. तिला काही विसरायला होत नव्हतं. शेवटच्या प्रकरणातलं झाड तिच्या तोंडून मध्येच निसटलं होतं आणि “असेल बाई” म्हणून तिने सावरून घेतलं. ही कादंबरी तिने कधीच वाचलेली होती. तिची वाचायची राहिलेली नव्हती. कॅबमध्ये रडणाऱ्या पोरीला काहीतरी काम लावून द्यायचं, म्हणून तिने डोळे पुढे केले. इतके महिने मी समजत होते की मी आईची करमणूक करतेय. दीड-दीड पानावर ती मला घरी पोचवत होती.

“लबाड!” माझ्या तोंडून जोरात निघालं. “लबाड बाई!”

“कोण? ती खानावळवाली?” अक्कांनी विचारलं.

“नाही हो. माझी आई. वाचलेली होती तिने! वर पैज लावते! आणि मी डॉक्टरकडे पाठवलं तिला!”

मला हसू येत होतं आणि ते हसू मध्येच फाटलं. मग जे सुरू झालं ते मला आवरेना. शेंबूड, उचक्या, सगळं. उन्हाळ्यापासूनचं अडून राहिलेलं त्या व्हरांड्यात बाहेर पडलं. आत कुणीतरी दार उघडून बघितलं आणि हळूच लावून घेतलं. अक्कांनी खुर्ची जवळ ओढली. वरून एक विमान गेलं, त्याच्या आवाजात मला हवं तेवढं मोठ्याने रडता आलं.

बऱ्याच वेळाने अक्का म्हणाल्या, “पुस्तक ठेव आता. चहा घेऊ.”

“थांबा,” मी म्हटलं. “थोडं राहिलंय.”

नाक पुसलं आणि उरलेलं अर्धं पान सावकाश, मोठ्याने, रडत रडत वाचलं. आईला ते ठाऊक होतं. पण माझ्या तोंडून तिने ते ऐकलं नव्हतं.