केळीच्या वखारीतला अंधार

आजोबा गेले त्या सकाळी इस्पितळाच्या खोलीत मी आणि तुमची आई, दोघीच होतो. त्यांचं बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते. डोळे मिटलेले. मी त्यांच्या तळव्यात बोटं ठेवली आणि म्हटलं, "अहो, मी आहे. ओळखलंत तर हात दाबा." काहीतरी झालं... तुमची आई लगेच म्हणाली, "आई, दाबला त्यांनी! मी पाहिलं." थोड्या वेळाने ते गेले. तिने तुम्हा नातवंडांना फोनवर तसंच कळवलं. तेव्हापासून सई, तू दर फोनला विचारतेस, "आजी, आजोबांनी तुला ओळखलं ना गं?" आणि मी हवापाण्याचं बोलते. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा असं सांगणं आलं आहे, तर तुझं उत्तर इथेच लिहिते.

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, त्या वर्षांतली गोष्ट. आजोबा शाळेत विज्ञान शिकवत. वर्गात हिंदीतून, आणि घरी तेच मला मराठीतून ऐकवत. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं, की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला उजेडाचे अगदी मोजके कणही कळू शकतात. झालं, स्वतः पडताळून पाहायचं ठरलं. पण पुरता अंधार आणायचा कुठून? आमच्या घराला फटीच फटी. शेवटी लोधीपुऱ्यातले केळ्यांचे व्यापारी भिकाशेठ मदतीला आले. केळी पिकवायची त्यांची वखार हवासुद्धा आत शिरू नये अशी बंद होती. माल नसला की ती दुपारची आम्हाला मिळायची. पत्र्याच्या डब्यात बॅटरी, डब्याला सुईचं भोक, भोकावर पतंगाच्या कागदाच्या घड्या आणि पुढे पुठ्ठ्याची झडप. झडप माझ्याकडे. आधी बराच वेळ सगळ्यांनी अंधारात गप्प बसायचं, डोळे सरावेपर्यंत. मग मी "आता" म्हणायचं. कधी झडप उघडायची, कधी मुद्दाम उघडायचीच नाही. समोरच्याने उजेड दिसला की नाही ते सांगायचं. बाहेर आलो की अंगाला पिकल्या केळ्यांचा वास यायचा, शेजारणी हसायच्या.

एकदा भिकाशेठ स्वतः बसले. मी "आता" म्हटलं, झडप मात्र उघडली नाही.

"दिसला मास्तर! एकदम बारीक, जुगनूवानी."

"शेठ, दिवा उघडलाच नव्हता," मी म्हटलं.

"मंग मले काय दिसलं? आईशपथ, खोटं कायले बोलू?"

दाराबाहेरून शेठाणीबाई म्हणाल्या, "यायले घरातला लोटा दिसत नाही, अन् अंधारात जुगनू दिसते!"

सगळे हसले, आजोबा हसले नाहीत. "शेठ खरंच सांगताहेत," ते म्हणाले. "तुमच्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे खरखर येते ना? गाणं नसतं, तरी आवाज असतो. डोळ्याचंही तसंच. पुरता अंधार असला तरी आतून काहीतरी चाललेलंच असतं. बाहेरचा उजेड त्या खरखरीएवढाच बारीक असेल, तर कुठलं बाहेरचं आणि कुठलं आतलं, हे डोळ्याला कसं कळणार?"

मग त्यांनी शेठना पक्की खात्री असेल तरच बोलायला सांगितलं. त्यानंतर शेठ गप्पच बसले. मी झडप उघडली तेव्हासुद्धा.

घरी परतताना आजोबा मला म्हणाले, "अट कडक केली की खरा उजेडही निसटतो. सैल सोडली की नसलेलाही दिसतो. एकदा विचारून काही कळत नाही बघ. पुन्हा पुन्हा विचारावं लागतं."

तर सई, माझी बोटं गेली काही वर्षं आपोआप थरथरतात, हे तुला माहीत आहे. त्या सकाळी जे जाणवलं, ते त्या थरथरीएवढंच होतं. त्यांचं होतं की माझं, मला सांगता येत नाही. तुझी आई खोटं बोललेली नाही, तिला दिसलं. तेव्हा माझं उत्तर, मला माहीत नाही. पण याचा अर्थ "नाही" असा धरू नकोस.

मला अजून रडू आलेलं नाही. दिवसाची कामं वेळच्या वेळी होतात. दुपारी त्यांची खोली आवरायला जाते, पडदे ओढलेले असतात. बाहेरच्या उन्हातून आलं की ते कधी लगेच दिवा लावत नसत, उंबऱ्याशी उभे राहत. मीही तशीच उभी राहते. आधी काही दिसत नाही, मग हळूहळू पलंगाची कड, खुर्ची, खुंटीवरची टोपी... काल तिथे उभी असताना मनात आलं, मी पुन्हा का नाही विचारलं? वेळ होता. हात हातात होता. त्यांनी तर तेच शिकवलं होतं. पण दुसऱ्यांदा विचारलं असतं आणि काहीच आलं नसतं, तर मला उत्तर मिळाल्यासारखं झालं असतं.

मग मी पडदे बाजूला सारले आणि केर काढला.