रंगावर नव्हे, चवीवर गट ठरवला

मंडळी, आज इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या घरगुती बिअर स्पर्धेत माझ्या गडद लागर बिअरला पहिला नंबर मिळाला!

अर्ज भरताना घरात वाद झाला होता. ह्यांनी ग्लास खिडकीशी धरला. "एवढी काळी आहे, श्वार्त्सबिअर म्हणजे 'काळी बिअर' गटातच टाक."

"अहो, रंग पुरे. डोळे मिटा आणि प्या. काय लागतं?"

"पावाची खरपूस कड. थोडी गोडसर."

"श्वार्त्सबिअरला असते तशी कॉफीसारखी करपट चव?"

"अजिबात नाही."

"मग ही डुंकेल, पावाच्या चवीची गडद लागर. विषय संपला."

आज परीक्षक म्हणाले, "डुंकेल म्हणून अप्रतिम. श्वार्त्सबिअरमध्ये दिली असतीत, तर पहिल्याच फेरीत बाद झाली असती."

शेजारून हे लगेच म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! मी तेच सांगत होतो."

निकालानंतर असं सांगणारं तुमच्या घरी कोण आहे?