संगमरवरी बाळाची तीट

आमच्या गार्चिंगच्या जर्मन लॅबमध्ये किस्से इतके साठतात की लंच ब्रेक पुरत नाही. एरवी आम्ही गिअरबॉक्सचे एक्स-रे स्कॅन काढून आतली भेग शोधतो. मागच्या उन्हाळ्यात मात्र मशीनवर चक्क बाळ आलं.

संगमरवरी, हातभर लांब, कुशीवर झोपलेलं. ते फ्राऊ लिंडनर नावाच्या ऐंशीच्या आजींचं. त्यांचा भाचा मार्कुस याला खात्री होती, की हे रेनेसाँतल्या एका जगप्रसिद्ध शिल्पकाराचं तरुणपणीचं, हरवलेलं काम. त्या पठ्ठ्याने म्हणे ते मातीत पुरून जुनं भासवलं आणि रोमन म्हणून खपवलं होतं.

"म्हणजे अस्सल ठरायला आधी बनावट ठरलं पाहिजे," माझा सहकारी मंदार म्हणाला. "आल्झो, मग हा टेस्ट प्लॅन कोण लिहिणार?"

बॉस हसले नाहीत.

*

मंदारला पोलनची अ‍ॅलर्जी. बाळ आमच्या चार हातांत, मशीन दोन पावलांवर, आणि त्याचं नाक फुरफुरायला लागलं. मार्कुसचा चेहरा पांढरा पडला. मंदारने श्वास कोंडून बाळ गादीवर टेकवलं, कॉरिडॉर गाठला आणि मग जो काही शिंकला, की बाहेरचे लोक धावत आले.

*

फ्राऊ लिंडनर येताना छोटी दुलई घेऊन आल्या. "मशीनमध्ये गार असतं का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी नाही म्हणालो.

"माझ्या लहानपणापासून ते माझ्याच खोलीत झोपतं. अस्सल निघालं, तर मार्कुस त्याला म्युझियममध्ये देणार."

मला फार वाईट वाटलं. पण आमचं काम आत काय आहे ते सांगायचं.

*

स्कॅन झाला आणि रिझल्टच्या आधी लोकांना लॅब दाखवायचा आमचा ओपन डे आला. बाळ दोरीच्या आत, भोवती ही गर्दी. मंदारची आई नाशिकहून आली होती. काकू शांतपणे दोरीखालून वाकून आत गेल्या आणि पर्समधली काजळाची डबी काढून बाळाच्या गालाला तीट लावली!

"आई, अगं काय केलंस?" मंदार दोरीकडे धावत म्हणाला.

"एवढी माणसं टक लावून बघतायत. दृष्ट नाही लागणार?"

मार्कुस विम्याचं बोलू लागला. बॉसनी जुनी शिल्पं साफ आणि दुरुस्त करणाऱ्या रेस्टॉररला फोन लावला. मंदारची प्रोबेशन अजून संपायची होती, त्यामुळे त्या दिवशी तो जेवलाच नाही.

*

रिझल्टच्या दिवशी रेस्टॉररने आधी काजळ पुसलं. डाग राहिला नाही. मग बॉसनी स्कॅन दाखवला. कुरळ्या केसांत खोलवर सरळसोट भोकं होती, विजेच्या ड्रिलची. तशी आम्ही गिअरबॉक्समध्ये रोज बघतो. फार तर शंभर वर्षांपूर्वीची नक्कल.

मार्कुस कोट उचलून निघून गेला. फ्राऊ लिंडनर बाळाला दुलईत गुंडाळत होत्या. माफी मागायला आलेल्या काकूंकडे बघून त्या मंदारला म्हणाल्या, "आईंना विचार, तो काळा ठिपका घरी पुन्हा लावावा लागतो का?"

मंदारने विचारलं.

"आत्ताच आंघोळ झाली ना त्याची?" काकू पर्स उघडत म्हणाल्या. "मग लावायलाच हवी."

फ्राऊ लिंडनरनी बाळाच्या गालावरून दुलई बाजूला केली.