मुकादमाचं बोट, माझी रेघ

“बोट बुडवल्याबिगर बोलू नये,” असं म्हणत आमचा मुकादम कुठल्याही प्रश्नाला आधी मिठाच्या वाफ्यातल्या पाण्यात बोट घाली. मग ते चाखी, डोळे मिटी आणि उत्तर देई. घरी आमटीतही तसंच करतो म्हणून बायको ओरडते, हे त्यानंच मला हसत सांगितलं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो.

मीही झालो. एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मॅट्रिक होऊन मी शेव्याकडच्या एका मिठागरावर कारकून लागलो होतो. मीठ कोणत्या दिवशी निघेल हे आधी कळलं, तर शेटना मीठ नेणाऱ्या होड्या, म्हणजे मचवे, वेळेवर बोलावता येत. म्हणून मी चौकटींचा कागद काढला. दहा घरांचा एक इंच. पहिल्या दिवशी वाफ्याची खोली पट्टीनं मोजली, सहा इंच भरली. पुढं मी पाण्यात उतरलोच नाही, कारण त्या पाण्यानं तळवे चरचरत. मुकादम रोज सांगे, “अर्धं बोट उतरलं.” मी माझं बोट कागदावर आडवं ठेवलं. सात घरं भरली. म्हणजे रोज साडेतीन घरं. चार दिवसांचे चार ठिपके एका सरळ रेघेत आले आणि मी शेफारलो. समीकरण लिहिलं: खोली म्हणजे साठ घरं, वजा साडेतीन गुणिले दिवस. वीस घरं पाणी उरलं की मीठ ओढायचं. रेघ अकरावा दिवस सांगत होती.

आठव्या दिवशी मुकादम म्हणाला, “भाऊ, आजच काढाया पायजे. पानी जड झालंय.”

“रेघ अकरावा म्हणते.”

“रेघेनं बोट बुडवलं व्हय?” तो हसला. शेटनी मात्र कागदावर विश्वास ठेवला.

अकराव्या दिवशी मीठ कडू निघालं; पाणी फार आटून त्यात कडू खार उतरला होता. शेट भडकले. कसं मोजलं ते दाखवायला मुकादमानं माझ्याच कागदावर बोट आडवं टेकवलं. जन्मभर मिठात राबून जाड झालेलं ते बोट. त्याखाली दहा घरं झाकली गेली. म्हणजे रोज पाच घरं, आणि आठवा दिवस. सगळं मला तिथंच कळलं.

“चूक कोणाची?” शेटनी विचारलं.

“मापं मुकादमानं दिली होती,” मी म्हणालो. यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि अजून लाज वाटते ती त्याचीच.

त्याच दुपारी त्याला कामावरून काढलं. पुन्हा तो मला कधी दिसला नाही. जाताना मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“भाऊ, म्हातारपनी मोजताना चुकलं आसंल माजं. तुमच्या रेघेला बट्टा लागला. राग धरू नका.”

“असू दे,” मी मोठ्या मनानं म्हणालो.