लेफ्ट बॅकच्या एकतीस चुका

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी तेवीस वर्षं तपासणी खात्यात आहे. मशीनवरून उतरलेला माल माझ्या टेबलावर येतो, मी मापं घेतो आणि खराब निघालेला नग रजिस्टरमध्ये चढवतो. कुठल्या मशीनचा, कुठल्या पाळीचा, दोष काय. त्यामुळे दोष दिसला की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. घरी आलो तरी ही सवय सुटत नाही. गीझर चालू राहिला, तर कितव्यांदा राहिला ते मी सांगू शकतो. बायकोचं म्हणणं असं, की या घरातल्या सगळ्या चुका तिच्याच नावावर आहेत आणि पुण्याला हॉस्टेलवर राहणारी मुलगी तेवढी निर्दोष. मी तिला म्हणायचो, मला दिसतं तेच मी सांगतो.

ही सवय मी फुटबॉलच्या मैदानावरही नेली. आमच्या शहराच्या व्यावसायिक संघाचे घरचे सामने इथेच होतात आणि आम्ही राहतो त्या ऐरोलीहून जाणं सोपं आहे. गोलच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, खालून चौथी रांग ही आमची जागा. तिकीट सगळ्यात स्वस्त, म्हणून मतं सगळ्यात जास्त. आपला कप्तान दुसऱ्या अर्ध्यात आमच्या टोकाकडे हल्ला होईल अशीच बाजू निवडायचा, तो त्याचा हट्टच होता. म्हणजे पहिल्या अर्ध्यात आपला स्वतःचा गोल आमच्यासमोर आणि लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, आमच्या नाकाखाली. इतका जवळ, की त्याच्या मोज्याचं भोक मला दिसायचं.

रांगेत आम्ही नेहमीचे चौघं. एक खांदेश्वरहून येणाऱ्या शाळेतल्या बाई, त्यांना सगळे टीचर म्हणत. आमचा कोच परदेशी. दर सामन्यात तो खेळाडूंच्या जागा बदलायचा. टीचरांचं मत होतं, की वर्गात आठवड्याला बाकं बदलणारा शिक्षक असतो ना, त्याचा पोर्शन कधीच पूर्ण होत नाही. दुसरा एक सॉफ्टवेअरवाला, आमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. त्याचा राग स्ट्रायकरवर. स्ट्रायकर गोल मारण्यापेक्षा पडण्यात हुशार आहे आणि पडल्यावर आधी केस नीट करतो, मग पाय धरतो, हे त्याचं निरीक्षण मी पडताळून पाहिलं होतं. पाचपैकी चार वेळा खरं निघालं.

आणि माझ्या शेजारी दादा. जवळच्या गावठाणातले आगरी, साठीचे. पूर्वी भातशेती होती, आता चार मजली चाळवजा इमारत आणि भाडेकरू. तरुणपणी भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतात सामने व्हायचे, त्यात दादा लेफ्ट बॅक खेळायचे. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला, जागा सुटली नाही. अख्ख्या स्टेडियममध्ये लेफ्ट बॅकला शिव्या न घालणारे ते एकटेच. सामन्याला येताना स्टीलच्या डब्यातून उकडलेल्या शेंगा आणायचे आणि मला न विचारता माझ्या मांडीवर ओतायचे. सात वर्षं आम्ही शेजारी बसत होतो. ते मला इन्स्पेक्टर म्हणत.

या मोसमात आम्ही हरत होतो आणि दोष कुणाचा यावर ग्रुपवर रोज मारामारी. शेवटी मी म्हटलं, बोलणं पुरे, मी मोजतो. वही आणली, प्रत्येक खेळाडूला एक रकाना पाडला. नियम एकच केला, कारखान्यातला. स्वतःच्या डोळ्यांनी स्पष्ट दिसलेली चूकच लिहायची. शंका असली तर रकाना कोरा. माझ्या प्रामाणिकपणाचं मलाच कौतुक वाटत होतं.

घरचे सहा सामने झाले. लेफ्ट बॅक, एकतीस चुका. राइट बॅक, नऊ. मी तक्ता ग्रुपवर टाकला आणि एका तासात माझी किंमत वाढली. अ‍ॅडमिनने लिहिलं की आता पुरावा आहे. टीचर म्हणाल्या, की असा निकाल आल्यावर पालकांना बोलवावंच लागतं. ठरलं असं, की कोचला पत्र द्यायचं, सोबत तक्ता जोडायचा आणि खाली सगळ्यांच्या सह्या.

पुढच्या सामन्याच्या आधी रांगेतच सह्या घेतल्या. दादांनी कागद लांब धरून वाचला. मग म्हणाले, याच्या पुढचा विंगर बॉल गेला की परत येत नाही, म्हणून याच्यावर एका वेळी दोघं येतात, ते कुठल्या रकान्यात लिहिलंस? मी म्हटलं, दादा, मी कारणं लिहीत नाही, चुका लिहितो. अ‍ॅडमिनने मागून विचारलं, की लेफ्ट बॅक दादांचा भाडेकरू आहे का. सगळे हसले. मीही हसलो, आणि ते दादांनी पाहिलं.

"माजी सही नाय," ते म्हणाले. "आनि तुजी वही हाय तवर मी पन नाय."

डब्याचं झाकण लावून ते उठले. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मला वाटलं, हाफ टाइमला येतील.

आले नाहीत. पुढच्या सामन्यालाही आले नाहीत. फोन उचलत होते, पण भाडेकरूशी बोलावं तसं बोलत होते. पाणी येतंय का, बरं आहे का, ठेवतो. सीट रिकामी राहिली. मी त्यावर वही ठेवायचो. शेंगांची इतकी सवय झाली होती, की मी स्टेडियममधलं पॉपकॉर्न घेऊन पाहिलं. त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

दरम्यान संघाने एका रविवारी चाहत्यांना सराव बघायला बोलावलं. आम्ही पत्र घेऊन गेलो. कोच लांब होता, पण संघाचं जाकीट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक भारदस्त माणूस कडेला उभा होता. मी त्याला तक्ता समजावून सांगितला. त्याने फार लक्षपूर्वक ऐकलं, दोनदा मान हलवली, कागद घडी करून खिशात ठेवला.

आणि पुढच्या सामन्यात लेफ्ट बॅक संघातच नव्हता.

मैदानावर नावं जाहीर झाली तेव्हा अ‍ॅडमिनने मला मिठी मारली. संघाने मांडी आखडल्याचं कारण दिलं होतं, पण आम्ही समजायचं ते समजलो. आमच्या मागच्या रांगेतला एक अनोळखी गृहस्थ मला भेटायला खाली आला. तेवीस वर्षांत माझ्या अहवालामुळे मशीन थांबल्याचं मला आठवत नाही. इथे अख्खा माणूस थांबला होता. मी छाती थोडी पुढे काढून बसलो असणार.

फक्त त्या दिवशी आम्ही आमच्या कोपऱ्यात नव्हतो. तिथे एका शाळेचं बँडपथक बसवलं होतं, म्हणून आम्हाला गोलच्या पलीकडच्या, उजव्या कोपऱ्यात पाठवलं होतं. मी वही उघडली.

दहाव्या मिनिटाला राइट बॅकचा पास सरळ बाहेर. लिहिलं. मग त्याच्या पायाखालून चेंडू गेला. लिहिलं. मग त्याने थ्रो दुसऱ्याच संघाला दिला, आणि स्वतःवरच चिडून त्याने हात आपटला, तोही मला दिसला. हाफ टाइम व्हायला आला तोवर एकट्या राइट बॅकच्या सात चुका झाल्या. सहा सामन्यांत नऊ करणारा माणूस पंचेचाळीस मिनिटांत सात करतो, म्हणजे एका रात्रीत तो बिघडला की काय, असा प्रश्न मी वहीच्या कडेला लिहिलासुद्धा.

अ‍ॅडमिन वहीत डोकावून म्हणाला, "नवीन लेफ्ट बॅक बघा काका, एकच चूक. आपलं पत्र कामाला आलं."

मी मान वर करून नव्या लेफ्ट बॅकला शोधलं. तो पलीकडच्या कोपऱ्यात, बँडसमोर होता. त्याचा नंबरही मला नीट वाचता येत नव्हता. मोज्याचं तर सोडाच.

कारखान्यात काही वर्षांपूर्वी एक नवीन तपासनीस आला होता. त्याच्या रजिस्टरमध्ये दोन नंबरच्या मशीनचा माल सतत खराब निघायचा. मी त्याला उभं करून झापलं होतं. दोन नंबर तुझ्या टेबलाला लागून आहे, तिथून तू जाता येता नग उचलतोस, आठ नंबरपर्यंत चालत जायचा तुला कंटाळा आहे, म्हणून आठ नंबर चांगलं. हे मी सगळ्या पाळीसमोर त्याला ऐकवलं होतं. आणि मी स्वतः सहा सामने डाव्या कोपऱ्यात बसून, शंका असली तर रकाना कोरा ठेवून, जवळच्या माणसाच्या एकतीस चुका लिहिल्या होत्या. राइट बॅकच्या मला दिसतच नव्हत्या. दुसऱ्या अर्ध्यात तर आपला बचाव पलीकडच्या टोकाला गेला, की दोघांचेही रकाने कोरे. म्हणजे तो तक्ता लेफ्ट बॅकचा नव्हता, माझ्या खुर्चीचा होता.

त्याच हाफ टाइमला शिट्टीवाला माणूस दिसला. गवतावर पाणी मारायचे फवारे तो शिट्टी वाजवून चालू-बंद करवत होता. जाकीट तेच. माझा तक्ता बहुधा अजून त्याच्या खिशात होता.

मी ग्रुपवर लिहिलं की माझा तक्ता चुकीचा आहे, मागे घेतो. अ‍ॅडमिनने विचारलं, "कुठला तक्ता?" दोन मिनिटांनी टीचरांनी राइट बॅकबद्दल पत्र लिहायचं का, असं विचारलं.

म्हणजे ग्रुपचा प्रश्न मिटला होता. माझा राहिला होता. पुढच्या रविवारी सकाळी मी वही घेऊन गावठाणात गेलो. दादा गच्चीवर पाण्याची टाकी धूत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाइपाचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, धर. मी पाइप धरून सगळं सांगितलं. कोपरा, बँड, सात चुका, फवारेवाला. दोन नंबरचं मशीनही सांगितलं. दादा टाकीत वाकून घासत होते, त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यामुळे सांगणं सोपं गेलं.

बाहेर डोकं काढून ते म्हणाले, "मंजे जो जवल हाय त्यालाच मोजलास."

मी म्हटलं, हो.

"घरी पन तसाच करतोस काय रं?"

मी पाइप दुसऱ्या हातात घेतला. पाणी माझ्या चपलांवर पडत होतं.

"आणि त्या दिवशी मी हसलो," मी म्हटलं. "तेही चुकलं, दादा."

त्यांनी नळ बंद केला. खाली जाऊन चहा सांगितला. चहा झाल्यावर त्यांनी दोन अटी घातल्या. बसायचं ते बरोबर गोलच्या मागे, मधोमध, जिथे जाळी आणि गोलकीपरची पाठ आड येते आणि सगळेच सारखे अंधुक दिसतात. आणि वही-पेन त्यांच्याकडे. पहिली अट मला शास्त्रशुद्ध वाटली. दुसरी मी मान खाली घालून मान्य केली.

घरी येऊन गीझरचा विषय मी महिनाभर काढला नाही. बायकोने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढच्या घरच्या सामन्याला लेफ्ट बॅकची मांडी बरी झाली होती. आम्ही मधोमध बसलो. दादांनी डबा उघडला, शेंगा माझ्या मांडीवर ओतल्या आणि वही स्वतःच्या मांडीवर घेतली. पहिला अर्धा भाग ते फार गंभीरपणे लिहीत होते. मधूनच पेन जिभेला लावायचे, मग लिहायचे. हाफ टाइमला मी वही मागितली.

लेफ्ट बॅकचा रकाना कोरा होता. राइट बॅकच्या दोन चुका. विंगर परत आला नाही, नऊ वेळा. शेवटी दादांनी स्वतःच्या हाताने एक नवीन रकाना पाडला होता, रेफरी, आणि त्याच्या नावावर चौदा.

लेफ्ट बॅकच्या दोन चुका मला जाळीतूनही स्पष्ट दिसल्या होत्या. एक तर अगदी ढळढळीत होती, एकोणतिसाव्या मिनिटाची. मी वही परत दिली आणि शेंगा सोलायला लागलो.