जास्तीचं लीक

मॅचच्या सकाळी परसातून दोन लीक उपटायची, माती धुवायची, मुळांच्या मिशा कातरायच्या आणि लाल फितीने बांधायची, हे काम तेगवेनचं. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीण. वेल्सचा माणूस कार्डिफला देशाची रग्बी बघायला निघाला की नवरदेवाने मुंडावळ्या मिरवाव्यात तशी ती कोटावर मिरवतो. तेगवेनने बांधलेलं लीक तर असं देखणं असायचं, की रंगमंचावर उभं केलं असतं तरी टाळी घेऊन आलं असतं.

एक लीक ती नवऱ्याच्या, एल्विनच्या, कोटाला टाचायची. दुसरं कागदात गुंडाळून त्याच्या खिशात जायचं.

"दुसरं कशाला रे?" लग्नानंतर पहिल्यांदा तिने विचारलं होतं.

"गर्दीत चेंगरतं गं. एक जास्तीचं असावं."

बाई समजूतदार. तिने वीस वर्षं जास्तीचं लीक बांधलं, आणि त्याची फीतही पहिल्याइतकीच निगुतीने बांधली.

तिकीट मात्र जास्तीचं कधी आलं नाही. ब्रिनगोख हे खाणीचं गाव, डोंगराच्या कुशीत एका रांगेत चिकटलेली घरं. गावच्या रग्बी क्लबाच्या वाट्याला थोडी तिकिटं यायची, ती एल्विनसारख्या कमिटीवाल्यांत वाटली जायची. "माणशी एक," एल्विन सांगायचा. "सेक्रेटरी बेरविनला तेवढी दोन. म्हणून त्याची बायको नेस्टा मिरवते." तेगवेन मान डोलवायची आणि डब्यात बेदाण्याचे तव्यावरचे केक भरायची.

आता हे तिला किती लागत असेल, ते कळायला तिचा बाप माहीत हवा. ग्रिफ आठवडाभर खाणीत कोळसा फोडायचा आणि शनिवारी गावाकडून खेळायचा, स्क्रमच्या पुढच्या रांगेत, अगदी मधोमध. दोन्हीकडचे आठ-आठ गडी मुंडी खाली घालून एकमेकांना रेटतात ना, त्याच्या गाभ्यात. घासून घासून त्याचे कान फुलकोबीसारखे झाले होते. रात्रीच्या रश्श्याचे बटाटे तो आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडायचा आणि पोरांना खेळ शिकवायचा. धाकटा आयव्हर दोन मिनिटांत कंटाळून मांजराच्या मागे जायचा. तेगवेन मात्र बटाटे सरकवत बसायची. "बाबा, याने चेंडू मागे नाही दिला, तर हा एकटा पडतो." ग्रिफ बायकोला हाक मारायचा, "ऐकलंस? ही पोरगी मुलगा असती तर तिचं माप घेऊन लाल जर्सीच शिवली असती!" मग पोरीच्या कानात म्हणायचा, "मोठी झालीस की कार्डिफला नेईन. तिथे लोक नुसते बघत नाहीत, तेग. गातात. आपणही गाऊ."

शब्द पाळायच्या आधी फुफ्फुसातल्या धुळीने त्याला नेलं. ते साल तेगवेनच्या लग्नाचं. नवा नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या बापाचा शब्द आता माझ्याकडे." आणि मग ते एकच तिकीट.

म्हणून मॅचच्या दुपारी ती रेडिओ लावायची, टेबलावर बटाटे मांडायची आणि समालोचक बोलेल तसे ते हलवायची. मॅच संपली की तेच बटाटे रश्श्यात. तिचं स्टेडियम असं दर वेळी शिजून जायचं.

आणखी एक गोष्ट तिला खुपायची. खाटकाच्या दुकानात मॅचची चर्चा ऐन रंगात आलेली असे, ती दारातून आत आली की सगळे गप्प. कुणीतरी म्हणे, "हवा काय गार पडलीय, नाही?" बायकांपुढे बोलायचं नसेल, असं तिने ठरवून टाकलं होतं.

त्या मार्चमध्ये आयर्लंडविरुद्धच्या मॅचला तीन दिवस उरले असताना एल्विनने अंथरूण धरलं. छातीत कफ, अंगात ताप. डॉक्टरांनी बजावलं, "घराबाहेर पाऊल नाही." दुसऱ्या दिवशी बेरविन तिकीट घेऊन आला. तापाने एल्विनचा डोळा लागला होता. बेरविनने पाकीट तेगवेनच्या हातात दिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि टोपीला हात लावून तो निघून गेला.

एल्विनला जाग आली तेव्हा ती पलंगाशी उभी होती.

"मी जातेय," ती म्हणाली.

"कुठे?"

"कार्डिफला. तुझ्या जागेवर."

आजारी माणूस ताडकन उठून बसला. "वेड लागलंय का तुला? चेंगराचेंगरी असते तिथे. दारू पिऊन माणसं भान सोडतात. ते तिकीट बेरविनला परत दे."

"का? एक तिकीट, एक माणूस. हिशोब बरोबर बसतोय की."

"तेग, ऐक माझं. पुढच्या वर्षी आपण..."

"पुढच्या वर्षाचं मी वीस वर्षं ऐकतेय रे." ती हसून म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. उलट, नवऱ्याला आपली किती काळजी, असंच तिला वाटलं. एल्विन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आयव्हरकडे निरोप धाडता येईल का गं?" आयव्हर शेजारच्या खोऱ्यात राहायचा, पोलादाच्या कारखान्यात होता. "कशाला त्याला त्रास? साधा ताप तर आहे," ती म्हणाली.

मॅचच्या सकाळी तिने सवयीने दोन लीक बांधली. एल्विनचा जाड तपकिरी कोट अंगात चढवला. तो तिला घोट्यापर्यंत यायचा, पण हा कोट मॅचला गेला नाही तर वेल्स हरतं, हे गावात पोरालाही ठाऊक. डोक्यावर त्याचीच टोपी. एक लीक छातीवर, जास्तीचं खिशात. शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं, एल्विनच्या उशाशी रेडिओ ठेवला, औषध ठेवलं आणि ती निघाली.

क्लबच्या बसमध्ये पाऊल टाकलं आणि खाटकाच्या दुकानात व्हायचं तेच झालं. गाणं अर्ध्यात थांबलं. मग नेस्टा उठली. पोस्टाची खिडकी सांभाळणारी, गावची बोलभांड बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज देवळातल्यासारखा मऊ झाला होता.

"ये, तेगवेन, बस माझ्याशेजारी. अगं, केवढं धाडस केलंस तू!"

"बसमध्ये चढायला कसलं धाडस?"

"तसं नव्हे गं. तुझे बाबा गेल्यापासून रग्बीचं नाव काढलं तरी तू कोलमडतेस ना? आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्यासमोर विषय काढायचा नाही, असं क्लबात ठरलेलंच आहे. आमचा बेरविन तर तुमच्या दारात तिकीट द्यायचं म्हणजे घामाघूम होतो."

तेगवेनने टोपी मागे सारली. "कुणी सांगितलं हे?"

"एल्विनच सांगतो की दर वर्षी. 'मी विचारलं तिला, पण बिचारीच्याने होत नाही.' रडू नको हं, मी आहे ना."

तेगवेन रडत नव्हती. बस डोंगर उतरत होती, मागच्या बाकांवर गाणं पुन्हा सुरू झालं होतं आणि तिला तिचंच स्वयंपाकघर दिसत होतं. टेबलावर बटाटे मांडलेली एक बाई, आणि सगळं गाव तिच्यावर दया करत दुसरीकडे तोंड फिरवतंय. एल्विनचा काहीतरी गैरसमज झाला असेल, असं तिने मनाला तीनतीनदा समजावलं. विश्वास कोसळायच्या आधी माणूस त्याला असा शेवटचा टेकू देतो. तो तिने घट्ट धरून ठेवला.

मग कार्डिफ आलं. लाल मफलरांच्या पुरात ती वाहत गेली, जिना चढली, आणि वर येताच समोर ते हिरवं मैदान. टेबलावरचे बटाटे आता हाडामांसाचे होऊन तिथे पळणार होते. तिने आपली जागा शोधली. शेजारची खुर्ची रिकामी होती. कॉलर वर करून, टोपी खाली ओढून ती बसली, आणि मनात म्हणाली, "बाबा, आले मी."

खेळाडू यायची वेळ झाली तेवढ्यात कुणीतरी धापा टाकत शेजारी आदळलं. बिअरचा भपकारा आला. तिच्याकडे न बघताच तो माणूस हात चोळत म्हणाला,

"काय रे एल्विन, आज माझ्या आधी? काढ माझं लीक लवकर. कोट नागडा दिसतोय."

हात तिच्यासमोर पसरलेला होता. त्याच्या अंगठ्यावरचा लहानपणच्या जखमेचा व्रण तिच्या ओळखीचा होता. तिनेच तेव्हा पट्टी बांधली होती.

"तुझं लीक, आयव्हर?" ती म्हणाली.

भावाची मान वळली. चेहऱ्यावरचा सगळा लाल रंग एका क्षणात उतरला.

"तेग? तू... एल्विन कुठे आहे?"

"तापाने फणफणलाय. तुला कळलं नाही?"

"बेरविन सोमवारीच कारखान्यावर तिकीट देऊन गेला. तेव्हा तर एल्विन ठणठणीत होता."

"दर वर्षी देऊन जातो?"

आयव्हर मैदानाकडे बघू लागला.

"कमिटीवाल्याला दोन मिळतात तर."

"हे बघ, तेग..."

"मी बघतेच आहे. वीस वर्षं मी तुझ्यासाठी फीत बांधत होते, होय ना? मला वाटायचं, लीक चेंगरतं."

बँड वाजू लागला. लोक उभे राहिले. आयव्हरही उभा राहिला, पण आता त्याला बोलल्यावाचून राहवेना. तिच्या कानाशी वाकून तो घाईघाईने सांगू लागला, "एकाच वर्षापुरतं होतं गं. बाबा नुकते गेले होते. तू दफनाच्या दिवशी कशी रडलीस, आठवतंय? मीच एल्विनला म्हटलं, तिला नाही सोसायचं, मला ने. मलाही बाबांची आठवण येत होती! मग पुढच्या वर्षी तो म्हणाला, आता तिला काय सांगायचं? मी म्हटलं, सांग की एकच मिळतं. आणि मग... मग ते तसंच राहिलं."

"तुला बटाटे सरकवायचाही कंटाळा यायचा," ती म्हणाली.

"तेग, तो माझा पण बाप होता."

ते खरं होतं, हेच सगळ्यात वाईट. खोटारडा माणूस पूर्ण खोटारडा असता तर किती सोपं झालं असतं!

राष्ट्रगीत सुरू झालं. हजारो गळे, आणि तिच्या डावीकडे भावाचा जाडाभरडा आवाज, बापासारखाच हुबेहूब. तेगवेन चॅपलमध्ये खालचा सूर गाते, गावात तिच्यासारखा गळा नाही. ज्या एका गोष्टीसाठी ती जन्मभर थांबली होती ती आता सभोवती उसळत होती. तिने तोंड उघडलं. शब्द सगळे पाठ होते. आवाज निघाला नाही. गीत संपेपर्यंत ती तशीच उघड्या तोंडाने उभी राहिली आणि मग तिने ओठ मिटले.

मॅच तिने पाहिली, नाही असं नाही. कुठला गडी एकटा पडणार, ते तिला आधी दिसत होतं. दुसऱ्या अंकात, म्हणजे मध्यंतरानंतर, लाल जर्सीवाल्यांनी आयर्लंडचा स्क्रम पार मागे रेटला तेव्हा आयव्हर आनंदाने ओरडला आणि जुन्या सवयीने त्याने शेजारच्या खांद्याला मिठी मारली. तिने त्याला झिडकारलं नाही. मिठीतून अलगद बाजूला झाली, इतकंच. वेल्स जिंकलं. लोक आनंदाने कोटावरची लीक कच्चीच चावून खात होते. आयव्हर लीकविना मोकळ्या कोटाने हात लोंबकळत उभा होता.

"एल्विनला नको सांगूस," जिन्यात तो म्हणाला. "म्हणजे, मी बोललो असं नको सांगूस."

"अजून तुम्हाला एकमेकांचीच काळजी," ती म्हणाली, आणि गर्दीत शिरली.

घरी पोचली तेव्हा एल्विन उशाला टेकून बसला होता. रेडिओ बंद होता. वेल्स जिंकलं हे त्याला कळलेलं होतं, तरी चेहरा हरलेल्याचा. तिने कोट काढून खुंटीला लावला, टोपी त्यावर ठेवली. तो तिच्या हालचालींकडे बघत होता.

"आयव्हर भेटला?" शेवटी त्याने विचारलं.

मॅच कशी झाली, तू गायलीस का, बापाची आठवण आली का, यातलं काही त्याने विचारलं नाही. बसमध्ये तिने घट्ट धरलेला टेकू स्टेडियममध्येच निसटला होता. आता तो पडल्याचा आवाज तिला ऐकू आला.

"भेटला. माझ्या शेजारीच बसला होता."

एल्विनने डोळे मिटले. "तेग, मी सांगणार होतो. दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगू. पण तू इतकी हौसेने ती फीत बांधायचीस, की..."

"की?"

"की धीर व्हायचा नाही."

तिने कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि लीक त्याच्या पांघरुणावर ठेवलं. लाल फितीची गाठ सकाळी घातली तशीच होती.

"हे उरलं," ती म्हणाली. "आज खरंच जास्तीचं होतं."

"पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ. शपथेवर सांगतो."

"पुढच्या वर्षी दोन्ही तिकिटं माझ्या हातात आणून ठेवायची. शेजारी कोण बसेल ते मी ठरवीन. नेस्टाला नेईन, नाही तर खुर्ची रिकामी ठेवीन. आणि उद्या रविवारचं चॅपल सुटलं, की गावाला सांगायचं..." ती थांबली. त्याला उद्या उठता येणार नव्हतं. "नको. तू नकोच सांगूस. मीच सांगेन."

ती स्वयंपाकघरात गेली. टेबल मोकळं होतं. तिने टोपलीतून बटाटे काढले, हाताच्या सवयीने त्यांची रांग लागू लागली, पुढे तीन, त्यांच्या मागे दोन. मधला बटाटा, बापाच्या जागेचा, तिने उचलला. मग सुरी घेतली आणि सोलायला लागली. बाहेरच्या खोलीतून एल्विनने तिला दोनदा हाक मारली. तिने सालं काढण्याचं काम पुरं केलं, पाणी चुलीवर ठेवलं आणि तिसऱ्या हाकेलाही ती गेली नाही.